पिवळे पडलेले पाच दिवे

बारा दिवे. एकाच खोक्यातून आलेले, एकाच दिवशी बसवलेले, एकाच उन्हात तापणारे आणि एकाच समुद्राचा खारा वारा खाणारे. तीन वर्षांनी त्यांतले सात अजून नितळ होते आणि पाच जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे पडले होते. बरं, हे पाच कोणते? तर ज्यांची सगळ्यात जास्त निगा राखली होती, नेमके तेच.

या कोड्याने केतकी तारीची झोप उडवली होती. केतकी अकरा वर्षांची. तशीही ती एका जागी टिकणारी नव्हती, पण गेल्या मंगळवारपासून तिच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. आज सकाळपासून ती घर ते धक्का अशा सात फेऱ्या मारून आली होती. आठव्यांदा निघाली तेव्हा धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, मान वर केली. "गो बाय, एका जाग्यार बस बगया. तुझ्या धावण्यान तुझी आवस लवकर येवची नाय."

आई लवकर येणार नव्हती, हे केतकीलाही ठाऊक होतं. आई सूर्य मावळताना येणार होती, आणि तीच तर खरी भीती होती.

खडपेवाडीचा धक्का आणि उघडा समुद्र यांच्या मध्ये पाण्यात बुडालेल्या खडकांची रांग आहे. त्या खडकांतून बोटीला जायला एकच वाट, तीही अरुंद. वाटेच्या कडेने बारा खांबांवर बारा पांढरे दिवे, आणि सगळ्यात वाईट अशा तीन खडकांवर तीन केशरी दिवे. पांढरा दिवा म्हणजे 'इकडून ये', केशरी म्हणजे 'लांब राहा'. ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात गावच्या सगळ्या बोटी विजेवर चालायच्या आणि प्रत्येकीच्या नाकाडावर एक 'डोळा' असायचा. डोळा म्हणजे रंग ओळखणारा कॅमेरा. तो दिव्यांचे रंग वाचायचा आणि बोट आपली आपण वळायची.

मंगळवारी संध्याकाळी बाबलकाकांच्या बोटीच्या डोळ्याने पिवळ्या पडलेल्या पाच दिव्यांना केशरी समजून बोट झटकन दुसऱ्या बाजूला वळवली. दुसऱ्या बाजूला खरा खडक होता. बोट फाटली, बाबलकाकांचा पाय मोडला, आणि आता ते पायाला प्लास्टर घालून धक्क्यावरच्या बाकावर दिवसभर बसलेले असायचे.

आई चार दिवसांपूर्वीच, म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी, 'चांदणी' घेऊन खोल समुद्रात गेली होती. आज दुपारपासून वारा वाढणार असा इशारा होता. बाहेर थांबावं, तर लाटा उंच. दुसऱ्या बंदरावर जावं, तर पाच तासांचं अंतर, आणि चांदणीच्या बॅटरीत तेवढी वीज उरली नव्हती. धक्क्याजवळचे शेवटचे पाच दिवे पांढरेच समज, असं आईला रेडिओवरून सांगितलं होतं. पण लाटांवर बोट वरखाली होत असताना दिवे मोजणं सोपं नसतं. कधी तीन दिसतात, कधी सात. म्हणून आईला हाताने सुकाणू धरून अंदाजाने आत यावं लागलं असतं, आणि केतकीचा जीव त्या एका शब्दावर टांगणीला लागला होता. अंदाजाने.

दहाच्या सुमाराला बंदर खात्याची गाडी आली आणि तिच्यातून एक यंत्र तिरकं तिरकं चालत खाली उतरलं. शेळीएवढा आकार, आठ पाय, पुढे दोन नांग्या. गावाने पाच मिनिटांत त्याचं बारसं उरकलं. खेकड्याला तिकडे कुर्ली म्हणतात, म्हणून ही कुर्ली. तिच्या पोटात प्लास्टिक वितळवून हव्या त्या आकारात ओतायचं यंत्र होतं. पाच दिव्यांची पाच झाकणं होतील एवढाच माल तिने बरोबर आणला होता.

"दिवेकरी कोण?" कुर्लीने विचारलं.

केतकी पुढे झाली. दिवे सांभाळायचं काम तारींच्या घरात चार पिढ्यांपासून होतं. पणजोबांच्या काळी काठीला टांगलेला रॉकेलचा कंदील होता, मग आबांच्या काळी बल्ब आले, आणि आता दोन वर्षांपासून हे एलईडी दिवे केतकीकडे होते. एलईडी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा, ज्याच्यातून वीज गेली की थेट प्रकाश निघतो. त्यावर पाणी आणि खार येऊ नये म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असतं. पिवळं पडलं होतं ते हे झाकण.

केतकीने घाईघाईने सांगून टाकलं, की झाकणं लगेच बनव, चार वाजेपर्यंत भरतीचं पाणी खांबांपाशी चढेल, मग तिथे पोचता येणार नाही. कुर्ली म्हणाली की बनवते, पण कोणत्या प्लास्टिकची?

"चांगल्या."

"चांगलं प्लास्टिक असं काही नसतं. काय निवडायचं ते तू ठरव. तू विचारशील ते मी सांगेन आणि दाखवेन. निवड माणसाने करायची, असा माझा नियम आहे."

असल्या यंत्राला समुद्रात ढकलून द्यावं, असं केतकीला मनापासून वाटलं. पण ती दिवेकरी होती. तिने दात-ओठ खाल्ले आणि कामाला लागली.

आधी ती कुर्लीला घेऊन ओहोटीच्या चिखलातून आठव्या खांबापाशी गेली. दिवा चालू करून झाकणाला हात लावला. वाटलं होतं, आतल्या उष्णतेने झाकण करपलं असेल. पण झाकण कोमट सुद्धा नव्हतं. कुर्लीने तिला दिव्याच्या पाठीला हात लावायला सांगितलं, तसा तिने तो चटकन मागे घेतला. एलईडीची बहुतेक उष्णता पुढे प्रकाशाबरोबर जात नाही, ती मागच्या धातूच्या पात्यांतून हवेत जाते. जुन्या बल्बासमोर प्लास्टिक टिकलं नसतं, तिथे काचच लागायची. एलईडी आले तेव्हाच प्लास्टिकचं झाकण शक्य झालं. म्हणजे उष्णतेवरचा संशय फिटला.

मग कुर्लीने पिवळं झाकण काढून एका पांढऱ्या कागदासमोर धरलं. झाकणाशिवाय कागदावर पांढरा प्रकाश पडत होता, झाकण आलं की तो शेंदरीकडे झुकायचा. केतकीने विचारलं, झाकण प्रकाशात पिवळा रंग मिसळतं का?

"मिसळत नाही, काढून घेतं," कुर्ली म्हणाली. "पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. पिवळं पडलेलं प्लास्टिक त्यातला निळा गिळतं. निळा गेला की उरलेले रंग मिळून पिवळट-केशरी दिसतात. बोटीच्या डोळ्याची चूक नव्हती. त्याच्यापर्यंत जे पोचलं, ते त्याने वाचलं."

केतकीच्या डोळ्यांसमोर बाबलकाकांचं प्लास्टर आलं. तिने भराभर पुढचा प्रश्न टाकला. निळा गिळायची ही खोड प्लास्टिकला लागली कुठून?

उन्हातून, असं कुर्लीने सांगितलं. प्लास्टिक हे बहुवारिक असतं (म्हणजे एकसारख्या छोट्या छोट्या रेणूंची कडी कडी जोडून झालेली लांबच लांब साखळी). उन्हात अतिनील किरण असतात (डोळ्यांना न दिसणारे, पण आपली कातडी काळवंडवणारे). हे किरण साखळीच्या कड्या तोडतात. तुटलेली टोकं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात, त्यातून नवे रेणू तयार होतात, आणि त्यांतले काही निळा प्रकाश गिळणारे असतात. केतकीला हे पटकन उमगलं. नायलॉनचं जाळं उन्हात पडून राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत हाताने तुटायला लागतं, म्हणून आई जाळ्यावर नेहमी ताडपत्री टाकायची. तेच हे.

"पण ऊन तर बाराही दिव्यांवर सारखंच पडतं," ती म्हणाली. कुर्लीने यावर नुसते आपले दोन डोळे दांड्यांवर वर काढले.

गावात म्हणत होते की हे पाच दिवे खराब मालातले निघाले, बनवणाऱ्याने फसवलं. केतकीलाही तेच हवं होतं. पण तिने झाकणाच्या आतल्या बाजूचा छापील क्रमांक पाहिला, कुर्लीने खात्याच्या नोंदीतले बाकीच्या अकरांचे क्रमांक सांगितले, आणि बारा आकडे एकच निघाले. एकाच घाण्यातला माल. केतकीने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं.

अकरा वाजून गेले होते. ती धक्क्यावर परतली आणि कुर्लीला म्हणाली, की तुझ्याकडे काय काय आहे ते एकदाचं दाखव.

कुर्लीने बाकावर तळहाताएवढ्या तीन पारदर्शक चकत्या मांडल्या. नुसतं बघून तिन्ही सारख्याच. बाबलकाका प्लास्टरचा पाय सावरत बघायला सरकले. पहिली चकती पॉलिस्टायरिनची, स्वस्त, खेळण्यांत आणि डब्यांत वापरतात ती. दुसरी ॲक्रिलिकची. तिसरी पॉलिकार्बोनेटची, हेल्मेटच्या काचेसारखी. केतकीने आजूबाजूला पाहिलं आणि माडाखाली पडलेला एक शहाळ्याएवढा नारळ उचलला. बाकावर उभी राहून तिने तो एकेका चकतीवर सोडला. पॉलिस्टायरिनचा चुरा झाला. ॲक्रिलिकचे तीन तुकडे झाले. पॉलिकार्बोनेटवरून नारळ उडून थेट बाबलकाकांच्या काठीला लागला आणि चकतीला काही म्हणता काही झालं नाही.

यात साखळ्यांचाच हात होता. पॉलिकार्बोनेटच्या साखळ्यांना जागच्या जागी थोडं हलता येतं, मार बसला की त्या सरकून तो पचवतात. ॲक्रिलिकच्या साखळ्या ताठ. त्या सरकत नाहीत, तडकतात.

"हेच बनव," केतकी म्हणाली. "पॉलिकार्बोनेट. चल, कर सुरू."

कुर्लीने आधी तिन्हींचे नवे तुकडे आपल्या पाठीवरच्या पेटीत ठेवले. ती उन्हाची पेटी होती. आत अतिनील किरणांचा इतका भडिमार व्हायचा, की वीस मिनिटांत दोन वर्षांचं ऊन खाऊन व्हायचं. जुन्या प्रयोगशाळांत असल्या परीक्षेला आठवडेच्या आठवडे लागत, पण केतकीला ती वीस मिनिटंही जड गेली. तिने तेवढ्यात धक्क्याला चार फेऱ्या मारल्या, वाऱ्याचा जोर दोनदा बघितला आणि आबांकडून दोनदा बोलणी खाल्ली.

पेटी उघडली. पॉलिस्टायरिन पिवळंधमक. ॲक्रिलिक जसंच्या तसं, जणू आत गेलंच नव्हतं. आणि तिचं लाडकं पॉलिकार्बोनेट पिवळसर झालेलं.

केतकी मटकन बाकावर बसली. एक ऊन सोसतं पण फुटतं, दुसरं फुटत नाही पण ऊन सोसत नाही. मग घ्यायचं काय? तिने काचेबद्दल विचारलं. काच पिवळी पडत नाही, हे कुर्लीने लगेच मान्य केलं. पण ती जड, आणि फुटली तर तिचे तुकडे चिखलात रुततात, जिथे गावची मुलं अनवाणी शिंपले गोळा करतात.

"तू सारखं विचारतेस, कोणतं चांगलं," कुर्ली म्हणाली. "त्यापेक्षा असं विचार, की इथे त्याच्यावर काय काय गुजरणार आहे. यादी कर."

केतकी बोटं मोजायला लागली. ऊन. खारी हवा. या पाच खांबांशेजारी बोटी लागतात, वल्ही आपटतात, दोर फेकले जातात. ओहोटीला वाळूवर मुलं क्रिकेट खेळतात आणि चेंडू खांबांवर बसतात. म्हणजे ॲक्रिलिक इथे वर्षभरही टिकायचं नाही. दूर समुद्रातल्या सात खांबांना कोणी धक्का लावत नाही, तिथे ते चाललं असतं. इथे पॉलिकार्बोनेटच हवं, पण त्याला उन्हापासून वाचवायला हवं. जाळ्यावर ताडपत्री टाकतात तसं काहीतरी त्याच्यावर टाकता येईल का?

कुर्लीचे डोळे पुन्हा वर आले. टाकता येतं, ती म्हणाली. पॉलिकार्बोनेटवर ॲक्रिलिकचा केसाइतका पातळ थर चढवायचा आणि त्या थरात अतिनील शोषक मिसळायचा (अतिनील किरण स्वतःच्या अंगावर झेलून त्यांची साधी ऊब करून टाकणारा पदार्थ). आतलं प्लास्टिक मार खातं, बाहेरचं ऊन खातं. शिवाय ऊन लागलं की प्लास्टिक धातूपेक्षा जास्त फुगतं, म्हणून स्क्रूची भोकं थोडी सैल ठेवायची आणि स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, नाहीतर ते स्क्रूपाशी तडकतं.

"मग आधीच्या झाकणांना असा थर का नाही दिला?"

"दिला होता," कुर्ली म्हणाली. "बाराही झाकणांना होता. सातांवर तो अजून आहे."

तिने आठव्या खांबावरचं पिवळं झाकण आपल्या पोटावरच्या पडद्याखाली धरलं आणि शंभरपट मोठं करून दाखवलं. पडद्यावर ओरखडे होते. हजारो, बारीक, एकावर एक. आणि ते वेडेवाकडे नव्हते. गोल होते. गोल गोल फिरलेल्या हाताचे.

केतकीने ती वर्तुळं ओळखली. तिने आपला उजवा हात पाठीमागे नेला.

दर शनिवारी ओहोटीला ती चुलीतली चाळलेली राख डब्यात घेऊन जायची आणि या पाच झाकणांना चोळून चोळून चमकवायची. दूरच्या सातांपर्यंत तिला चालत जाता येत नव्हतं, त्यांना पाऊस आणि लाटा जेवढ्या धुतील तेवढंच. गोल हात फिरवायचा, जोर लावायचा, मग कापडाने पुसायचं, हे आबांनी शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. कंदिलाची काच तशीच लख्ख व्हायची. राख काचेला काही करत नाही, कारण काच राखेहून कठीण. पण हे प्लास्टिक मऊ. राखेतले खरखरीत कण त्याचा पातळ थर खरवडत गेले, शनिवारमागून शनिवार, आणि थर गेल्यावर ऊन आतल्या पॉलिकार्बोनेटपर्यंत पोचलं.

म्हणजे बाबलकाकांचा पाय तिने मोडला होता. इतक्या सरळ शब्दांत ते तिच्या डोक्यात आलं आणि तिथेच बसलं. आणि आज संध्याकाळी आई.

कुर्ली म्हणाली, की यादीत शेवटचं एक राहिलं आहे. ही झाकणं कोण पुसतं, कशाने पुसतं?

"ठाऊक नाही," केतकी म्हणाली.

"मग यादी अपुरी आहे. अपुऱ्या यादीवर मी माल ओतत नाही. एकदा ओतला की पुन्हा नाही."

एक वाजला होता. एकेका झाकणाला पंधरा मिनिटं, वर थंड व्हायला आणि बसवायला वेळ. केतकी धक्क्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. बाबलकाका तिच्याकडे बघत होते, आबा बघत होते. राखेचा डबा बाकाखाली होता, कोणी वाकून पाहिलं असतं तर दिसलाच असता. ती पुन्हा टोकापर्यंत गेली. समुद्रावर पांढऱ्या फेसाच्या रेघा उठायला लागल्या होत्या.

ती धावत परत आली, बाकाखालून डबा ओढला आणि कुर्लीसमोर ठेवला. "मी पुसते. राखेने. दर शनिवारी." आणि मग बाबलकाकांकडे न बघता म्हणाली, "माझ्यामुळे झालं ते."

आबा जाळं बाजूला ठेवून उठले. "राख मियां दिलंय तुका. माझ्या बापाशीन माका शिकवल्यान. कंदिलाची काच राखेन घासूची, ह्या आमका ठावक. ह्या प्लास्टिकाचा कोण काय सांगूकच नाय."

कुर्लीने कोणाला दोष दिला नाही; तिला ते शिकवलंच नव्हतं. तिने फक्त हिशेब मांडला. तेच झाकण, तोच थर. मऊ कापड, गोडं पाणी आणि साबणाचे दोन थेंब, तर दहा वर्षं सहज. राख, तर जेमतेम दोन. राख थांबणार नसेल, तर फुटण्याचा धोका पत्करून काचच लावलेली बरी. गाव काय करणार आहे, हे यंत्राला कळत नाही, ते दिवेकरीने सांगायचं.

केतकीने आबांकडे पाहिलं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अख्खं गाव राख घेऊन दिव्यांपाशी जमायचं, ती नुसती सफाई नव्हती, तो सण होता. तो मोडायचा म्हणजे घराघरात जाऊन सांगावं लागणार, आणि प्रत्येक घरात आपली चूकही सांगावी लागणार. आबांनी डबा उचलला, माडापाशी गेले आणि सगळी राख त्याच्या बुंध्यात ओतून टाकली. माडाला ती खतासारखी लागू पडते.

"पॉलिकार्बोनेट," केतकी म्हणाली. "वर ॲक्रिलिकचा थर, अतिनील शोषकासकट. भोकं सैल. आणि राख बंद. मी सांगेन सगळ्यांना."

कुर्लीच्या पोटात घरघर सुरू झाली.

तीन वाजता पाचवं झाकण बाहेर आलं. पुढचा तास केतकीला नंतर नीटसा आठवलाच नाही. घोटाभर पाणी, मग गुडघाभर पाणी, स्क्रू, रबरी कडी, पुढचा खांब. बाराव्या खांबापाशी पाणी तिच्या कमरेला लागलं तेव्हा कुर्लीने तिला नांगीत धरून ठेवलं आणि तिने शेवटचा स्क्रू अर्धा फेरा सैल सोडला, सांगितल्याप्रमाणे.

सूर्य टेकला. वारा आता टोपी उडवण्याइतका झाला होता. धक्क्यावर आबांच्या हातात रेडिओ होता आणि त्यातून चांदणीच्या डोळ्याचा आवाज येत होता. बोट वाटेत शिरली की डोळा एकेक दिवा मोठ्याने वाचायचा.

"एक, पांढरा. दोन, पांढरा."

हे दूरचे. त्यांची काळजी नव्हती. केतकी हाताच्या मुठी घट्ट आवळून उभी होती. चार. पाच. सहाव्यापाशी लाटेने बोट उचलली असावी, आवाज तुटला आणि पुन्हा आला. सात, पांढरा. मग नुसती खरखर. केतकीने श्वास रोखला. आठवा तिचा होता.

"आठ, पांढरा."

मग नऊ, दहा, अकरा. बारा म्हणताना तर चांदणीचं नाकाडच दिसायला लागलं. त्यामागून रेडिओवर आईचा दमलेला आवाज आला. "केतके, दिवे बरे दिसतत गो."

केतकीला रडू फुटलं. चांदणी धक्क्याला लागताच ती आईला मिठी मारून, अर्धवट रडत, अर्धवट बोलत सगळं सांगायला लागली, आणि आईने मासे उतरवायचे सोडून सगळं ऐकलं. मग तिने केतकीला बाबलकाकांच्या बाकापर्यंत नेलं आणि तिथे सोडून दिलं. हे तिचं तिने करायचं होतं.

केतकीने मान खाली घालून सांगितलं, की काका, तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. बाबलकाकांनी सरकून तिला बाकावर जागा करून दिली. मग त्यांनी विचारलं, "मगे आता कशान पुसतलंस?"

"मऊ कापडाने. आणि गोड्या पाण्याने."

"घरात माझो जुनो पंचो असा. धुवन धुवन मऊ झालो. घेवन जा."

शनिवारी सकाळी केतकी तो पंचा आणि पाण्याची बादली घेऊन निघाली. वाटेत तिने धक्क्याच्या कठड्यावर दोन पट्ट्या बांधल्या. कुर्लीकडून उरलेल्या तुकड्यांतल्या, एक थर असलेली, एक नुसती. दर महिन्याला त्या शेजारी शेजारी धरून बघायच्या आणि वहीत लिहायचं, असं तिने ठरवलं होतं. पुढे कधी दूरच्या सात दिव्यांची झाकणं बदलायची वेळ येईल, तेव्हा समुद्राने काय केलं ते कुर्लीच्या पेटीला विचारायला नको, इथेच दिसेल. तिने पट्ट्यांवर तारीख घातली, आठव्या खांबाकडे पाहिलं, ओहोटी पुरेशी झाली आहे का ते बघितलं आणि चिखलात उतरली.